कुत्र्याचं खेळणं भरावं कसं: दाण्याच्या कुटापासून आप्पेपात्रापर्यंत

दुपारी अडीचला खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन. "अगं, पंधरा मिनिटं झाली, खलबत्त्यात काय कुटत्येस?" मी तर आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर. बाहेर येऊन बघते तर आमचा पिठ्या कामात गर्क. लाल रबरी खेळणं दातात धरायचं, मान उंच करायची आणि फरशीवर सोडून द्यायचं. ठप्प. आत भरलेल्या जेवणाचे दोन-तीन दाणे घरंगळले की ते टिपायचे, पुन्हा खेळणं उचलायचं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पाच वर्षांचा, अठरा किलोचा, पिठाच्या रंगाचा गावठी कुत्रा, आणि पठ्ठ्याने आपली आपण युक्ती काढली होती.

काकूंसाठी मी त्याच संध्याकाळी जाड रबरी पायपुसणं आणून त्याच्या जागेवर अंथरलं. खेळ आजही चालू आहे. पण इथवर यायला मला दोन महिने लागले, आणि त्यातला बराचसा वेळ माझ्याच चुका निस्तरण्यात गेला. सगळ्यात मोठी चूक म्हणजे पहिल्याच दिवशी खेळणं इतकं कठीण भरलं की कुत्र्याने नादच सोडला. 'आमच्या कुत्र्याला आवडत नाही ते' असं जो म्हणतो, त्याच्या घरी दहापैकी आठ वेळा हेच झालेलं असतं, असा माझा आता पक्का समज आहे.

कुत्रा कष्ट का करेल?

ग्लेन जेन्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६३ साली उंदरांवर एक प्रयोग केला. एकीकडे वाटीत फुकटचं खाणं, दुसरीकडे कळ दाबली की मिळणारं तेच खाणं. बरेचसे उंदीर भरलेली वाटी सोडून कळ दाबायला गेले. पुढे कितीतरी प्राण्यांमध्ये हे दिसलं. कुत्र्यांचं मात्र थोडं वेगळं आहे. ती कष्ट करायला तयार असतात, पण शेजारी फुकटचं ताट असेल तर आधी ताटच साफ करतात. तेव्हा भरलेलं खेळणं देताना बाजूला जेवणाचं भांडं ठेवायचं नाही. नुकतंच पोटभर जेवलेल्या कुत्र्यापुढे खेळणं टाकून तो बघतच नाही म्हणून तक्रारही करायची नाही.

दिवसभर फ्लॅटमध्ये बसलेल्या कुत्र्याला हुंगणं, शोधणं, चाटणं आणि चावणं या चार गोष्टींची भूक असते. ती भागली नाही की चपला, सोफ्याचे कोपरे, पडद्यांची टोकं यांची पाळी येते. खेळण्यातून जेवण दिलं की चारही एका जागी होतात. फिरायला नेण्याऐवजी मात्र हे चालत नाही, ते वेगळं लागतंच.

खेळणं कोणतं घ्यावं

तीन गोळे एकावर एक रचल्यासारखं दिसणारं ते पोकळ रबरी खेळणं बहुतेकांनी पाहिलेलं असतं. काँग. त्याची गोष्ट मजेशीर आहे. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये जो मार्कहॅम नावाच्या माणसाकडे फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड होता. त्याला दगड चावायची सवय, त्यापायी दात झिजत चाललेले. मार्कहॅम एकदा आपली फोक्सवॅगन गाडी दुरुस्त करत होता. तेव्हा सस्पेन्शनचा एक रबरी भाग त्याने बाजूला टाकला आणि फ्रिट्झने दगड सोडून तो उचलला. त्याच आकारावरून १९७६ साली हे खेळणं आलं. आकार वेडावाकडा असल्यामुळे ते पडल्यावर कुठल्या दिशेला उसळेल याचा नेम नसतो. पिठ्याच्या आपटाआपटीचं निम्मं रहस्य तिथेच आहे.

याच खेळण्यात लाल हा साधा प्रकार, काळा जबरदस्त चावणाऱ्यांसाठी, आणि फिका गुलाबी किंवा निळा पिल्लांसाठी असतो. दुसऱ्या कंपनीचं घ्यायलाही हरकत नाही, पण दुकानात चार गोष्टी तपासा.

पहिली, माप. कुत्र्याच्या तोंडात पूर्ण मावेल असं खेळणं घशात अडकू शकतं, म्हणून दोन मापांच्या मधे असाल तर मोठं घ्या. दुसरी, भोकं दोन हवीत. एकच भोक असलेल्या पोकळ खेळण्यात चाटता चाटता निर्वात पोकळी होते आणि जीभ आत ओढली जाऊन सुजते. अशाने कुत्र्यांच्या जिभा कापाव्या लागल्याची उदाहरणं आहेत. तिसरी, नखाची परीक्षा. अंगठ्याचं नख दाबून बघा, थोडंसंही रुतलं नाही तर ती वस्तू दातांसाठी फार कडक आहे. कुत्र्याची वरची मोठी दाढ अशाच कडक वस्तूंनी तडकते. चौथी गोष्ट वासाची. रबराला रसायनाचा भपकारा येत असेल तर सरळ परत ठेवा.

पग किंवा शिह त्झूसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांची जीभ खोल पोकळीत पोचत नाही. त्यांना उथळ खेळणं किंवा खाचांची रबरी चटई, म्हणजे लिक मॅट, बरी पडते.

आधी हिशोब, मग चमचा

खेळण्यात जातो तो खाऊ नसतो. ते कुत्र्याचं जेवण असतं, रोजच्या ताटातून काढून घेतलेलं. ही एक गोष्ट पाळली नाही तर चार महिन्यांत कुत्रा पिंपासारखा होतो.

हिशोब करायला साधा कॅल्क्युलेटर पुरतो. कुत्र्याच्या वजनाचा घन करा आणि वर्गमुळाचं बटण दोनदा दाबा. आलेल्या आकड्याला ७० ने गुणा. ही झाली नुसती पडून राहायला लागणारी ऊर्जा. नसबंदी झालेल्या साधारण प्रौढ कुत्र्यासाठी तिला १.६ ने गुणायचं. पिठ्याचं वजन १८ किलो. १८ चा घन ५८३२, दोनदा वर्गमूळ काढलं की ८.७४, त्याला ७० ने गुणून ६१२, आणि १.६ ने गुणून साधारण ९८०. म्हणजे दिवसाला ९८० कॅलरी. यातल्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त वरखाणं नको, असा पशुवैद्यांचा सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे ९८.

आता गंमत बघा. मोठा चमचाभर शेंगदाण्याच्या पेस्टमध्ये नव्वदच्या वर कॅलरी असतात. एका चमच्यात दिवसाचा कोटा खलास. म्हणून पेस्ट फक्त चिकटवायला वापरायची, भरायला नाही. भरणाचा मोठा भाग त्याच्या रोजच्या जेवणाचा, म्हणजे किबल (विकतचं सुकं, दाणेदार खाणं) किंवा घरी शिजवलेलं जे काही त्याला मिळत असेल ते.

लॅब्रेडॉर असेल तर दुप्पट सांभाळा. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की जवळजवळ चारातल्या एका लॅब्रेडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकात बदल असतो आणि त्याचा संबंध जास्त भुकेशी, वाढत्या वजनाशी आहे. आमच्या शेजारचा लॅब्रेडॉर दिवसभर केविलवाणा चेहरा करून बसतो. प्रत्येकाला वाटतं, बिचारा उपाशी आहे. नसतो.

आत काय घालायचं

सुपरमार्केटमधली महागडी ट्यूब कशाला, भरणाचं सामान मराठी स्वयंपाकघरात आधीच असतं.

शेंगदाण्याची पेस्ट घरीच करा. विकतच्या 'शुगर फ्री' पीनट बटरमध्ये कधीकधी झायलिटॉल नावाचं गोडवा आणणारं द्रव्य असतं. ते माणसाला चालतं, पण कुत्र्याची साखर झपाट्याने खाली आणतं आणि यकृताला इजा करतं. घरी करायला दाणे मंद आचेवर भाजा, गार करून सालं पाखडा आणि मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा. आधी नेहमीचं कूट होईल. तिथे न थांबता कडेचं खरवडत फिरवत राहिलं की चार-पाच मिनिटांत तेल सुटून ते गोळा व्हायला लागतं. मीठ नाही, गूळ नाही. भाजण्याआधी दाणे निवडा, सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे बाहेर काढा. खराब दाण्यातलं अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, कुत्र्याच्या यकृताला फार वाईट.

लाल भोपळा वाफवून कुस्करला की खेळण्यात छान बसतो, शंभर ग्रॅमला जेमतेम २५ कॅलरी. वजनदार कुत्र्यांसाठी याहून सोयीचं काही नाही. उकडलेलं रताळं, गाजर, बिया काढलेलं सफरचंद, केळ्याचे थोडे काप. बिनमिठाचं घरचं दही बहुतेकांना पचतं, पण पहिल्यांदा चमचाभरच. नाचणीची पेज पाण्यात घट्ट शिजवून गार केली की खरवसासारखी धरते. पिठ्याची ही सगळ्यात आवडती. उकडलेलं चिकन द्यायचं तर आपल्या रश्श्यासाठी फोडणी देण्याआधीच दोन तुकडे वेगळे काढा. कांदा-लसणाच्या रश्श्यातलं चिकन धुऊन चालत नाही. तो अंश आत मुरलेला असतो आणि कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात.

आता ज्यांना दारच बंद. द्राक्षं आणि बेदाणे. म्हणजे सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा कितीही प्रेमाने द्यावासा वाटला तरी नाही, थोड्या बेदाण्यांनीही मूत्रपिंडं निकामी झालेली आहेत. चॉकलेट, मॅकाडेमिया नट, आंबवलेलं कच्चं पीठ, शिजवलेली हाडं नाहीत. खारवलेले सुके बोंबीलही नाहीत, मीठ फार. आणि पावसाळ्यात मक्याच्या कणसाची बुंधी किंवा मे महिन्यात आंब्याची कोय 'चघळ रे' म्हणून द्यायची नाही. दोन्ही गिळली जातात, आतड्यात अडकतात आणि मग पोट उघडावं लागतं.

स्वादुपिंडाचा त्रास, मधुमेह किंवा खाण्याची ॲलर्जी असेल तर नवीन काहीही भरण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

चार पायऱ्या, आणि घाई नाही

पहिली पायरी: खेळण्यात नुसते किबलचे सुके दाणे सैल टाका. मोठ्या भोकातून, नाक लागलं तरी बाहेर पडतील असे. दोन मिनिटांत संपलं तर उत्तमच. 'या लाल वस्तूला हात लावला की खायला मिळतं', एवढंच त्याला कळायला हवं. तीन-चार दिवस हेच.

दुसरी पायरी: दाणे तसेच, पण तोंडाशी गाजराचा एखादा आडवा तुकडा, थोडा अडेल असा. आतल्या भिंतीला पेस्टचं बोट फिरवा. आता त्याला लोळवणं आणि चाटणं दोन्ही करावं लागेल.

तिसरी पायरी ओल्या भरणाची. किबल कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवा, भोपळा किंवा पेजेत कालवा आणि भरा. भरायचा क्रम महत्त्वाचा. अगदी टोकाला, लहान भोकाजवळ, सगळ्यात वासाची वस्तू, म्हणजे चिकनचा तुकडा. मधे मुख्य भरण, हलक्या हाताने. तोंडाशी पुन्हा काहीतरी सोपं आणि चविष्ट, म्हणजे पहिल्या चाटण्यालाच फळ मिळतं आणि शेवटी काहीतरी भारी आहे हे लहान भोकातून येणारा वास सांगत राहतो. चमच्याच्या दांड्याने ठोसून भरू नका. करंजीच्या सारणासारखं, सुटं राहील इतपतच.

चौथी पायरी गोठवण्याची. लहान भोकाला पेस्टचा बोळा लावून बंद करा, खेळणं स्टीलच्या पेल्यात तोंड वर करून उभं ठेवा, भरा आणि पेल्यासकट फ्रीजरमध्ये. पहिल्यांदा दीड-दोन तासच, अर्धवट घट्ट होईपर्यंत. ते जमलं की मग रात्रभर. विदर्भातल्या उन्हाळ्यात याचा दुहेरी फायदा आहे. दात येणाऱ्या पिल्लांनाही गार रबर हिरड्यांवर बरं वाटतं. साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दुधाचे २८ दात पडायला लागतात आणि सातव्यापर्यंत ४२ पक्के येतात. घरातल्या चपलांसाठी तो सगळ्यात वाईट काळ.

मी काय केलं होतं? पहिल्याच दिवशी थेट चौथी पायरी. रात्रभर गोठवलेलं, काठोकाठ ठासलेलं. पिठ्याने दोन मिनिटं चाटलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ते सोफ्याखाली नेऊन ठेवलं. मी समजले, नाही आवडलं. दोन दिवसांनी मुंग्यांची रांग बघत बघत गेले तर ती सोफ्याखाली, त्या खेळण्यापर्यंत.

तेव्हापासूनचं माझं माप असं: पंधरा ते पंचवीस मिनिटांत खेळणं रिकामं व्हायला हवं. पाच मिनिटांत झालं तर पुढच्या खेपेला थोडं कठीण. अर्धवट टाकून तो निघून गेला, खेळण्यावर भुंकायला लागला किंवा तुमच्याकडे आणून टाकायला लागला, तर चूक भरणाऱ्याची. एक पायरी खाली उतरा आणि आत्ताचं थोडं मोकळं करून द्या, म्हणजे त्याला ते संपवता येईल.

कुठे, केव्हा

जागा एकच ठरवा. तिथे जुनं गोणपाट किंवा रबरी चटई, नाहीतर दही-भोपळा गोधडीवर जातो. मुंग्या फार असतील तर आधीच भरून ठेवलेलं खेळणं पाणी घातलेल्या परातीत वाटी ठेवून त्यावर ठेवा, दुधाचं पातेलं ठेवतो तसं. आणि खेळ संपला की खेळणं लगेच उचला.

बाहेर पडताना द्यायचं तर घाईत दारातून फेकू नका. पाच-दहा मिनिटं आधी द्या. फक्त तुम्ही जाणार असाल तेव्हाच दिलंत, तर काही दिवसांत त्या खेळण्याचा अर्थच 'आता ही जाणार' असा होतो. घरी असतानाही आठवड्यातून तीन-चारदा द्या.

एक खूण मात्र नीट ओळखा. एकटा असताना कुत्रा खेळण्याला तोंडही लावत नाही, आणि तुम्ही परत आलात की दोन मिनिटांत फडशा पाडतो. हा कंटाळा नव्हे, ही एकटं राहण्याची भीती आहे. जुना मोबाइल कॅमेरा चालू करून ठेवला की मागे काय होतं ते दिसेल: येरझारा, लाळ, दाराशी ओरबाडणं. त्याला खेळणं पुरत नाही. डॉक्टर आणि वागणुकीतला जाणकार दोघांची मदत लागते. दिवाळीच्या फटाक्यांतही असंच. आवाज सुरू होण्याआधी खिडक्या बंद करून दिलेलं खेळणं थोडा वेळ मन रमवतं. थरथरणारा कुत्रा मात्र खात नाही, आणि त्याला आग्रहही करू नये.

परत घेताना हिसकावू नका

भरलेलं खेळणं ही कुत्र्याच्या दृष्टीने कमाई आहे. ती हिसकावली की पुढच्या वेळी तो आधीच गुरगुरतो. त्यापेक्षा सौदा करा: चिकनचा तुकडा दोन पावलं दूर टाका, तो तिकडे गेला की खेळणं उचला, आणि शक्य असेल तर त्यात काहीतरी घालून परत द्या. गुरगुरला तर रागावू नका, थांबा. ती सूचना आहे आणि सूचना देणारा कुत्रा न सांगता चावणाऱ्यापेक्षा कधीही बरा. घरात लहान मूल असेल तर खेळणं चालू असताना त्या खोलीत मुलाला जाऊ द्यायचं नाही, 'आमचा काही करत नाही' हे वाक्य बाजूला ठेवून. दोन कुत्री असतील तर दोन खोल्या, मधलं दार बंद.

पहिले आठ-दहा दिवस नजरेसमोरच द्या. रबराचा तुकडा निघाला असेल, चीर पडली असेल तर खेळणं कितीही महाग असो, कचऱ्यात. तुकडा गिळल्याची शंका असेल आणि कुत्रा वारंवार ओकत असेल किंवा जेवण नाकारत असेल, तर उद्यावर ढकलू नका.

विकत न आणता

माझा आवडता जुगाड आप्पेपात्राचा. बाद झालेलं बिडाचं किंवा ॲल्युमिनियमचं घ्या. नॉन-स्टिक नको, नखांनी थर निघतो. प्रत्येक खळग्यात चार-पाच दाणे आणि वर एकेक टेनिसचा चेंडू. कुत्र्याने नाकाने चेंडू ढकलायचा, खालचं खायचं, पुढच्या खळग्याकडे जायचं. चौथ्या दिवसापासून दोन-तीन खळगे रिकामेच ठेवा, म्हणजे आधी हुंगून ठरवावं लागतं. चेंडू चावून फाडणारा असेल तर हा खेळ तुमच्यादेखत खेळा आणि संपताच चेंडू उचला.

जुना टॉवेल पसरून त्यावर दाणे शिंपडून सुरळी करा. जमलं की सुरळीला एक गाठ, मग दोन. कुरिअरच्या खोक्यात कागदाचे बोळे आणि त्यांत दाणे, हेही चालतं, पण आधी चिकटपट्टी आणि पिना काढा. कागद फाडणारे आणि कागद खाणारे असे दोन पंथ असतात. दुसऱ्या पंथातल्यांना खोकं नको. प्लॅस्टिकच्या बाटलीला भोकं पाडून दाणे भरायची कल्पना सगळीकडे सांगतात, मला ती पटत नाही. कापलेल्या कडा धारदार असतात आणि बाटली चावली की कपचे निघतात.

धुणं

रोज. दही आणि दाण्याचं तेल पावसाळ्यात एका रात्रीत आंबट वास मारतं. आधी गरम पाण्यात भांडी घासायचं लिक्विड टाकून पंधरा मिनिटं भिजत ठेवा, मग बाळाच्या बाटलीचा लांब ब्रश आत फिरवा, दोन्ही भोकांतून पाणी आरपार जातं का बघा आणि मोठं भोक खाली करून निथळत ठेवा. दोन खेळणी असली की एक वापरात, एक फ्रीजरमध्ये, असं चक्र बसतं.

आमच्याकडे ब्रशवरून एकदा घोटाळा झाला होता. आता पिठ्याच्या ब्रशला सासूबाईंनी लाल दोरा बांधलाय आणि तो ओट्यावर दिसला की विचारतात, "आज काय भरलंयस त्याला?"